भाऊंची मिशी आणि अण्णांचा वस्तरा : लालबागच्या एका सलूनचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगतो, पाल्हाळ नंतर. दाढी ७० रुपये, केस १३०, दोन्ही एकदम केलंत तर १८०. कलप २५०, पण कलप इथे करू नका. का ते पुढे येईलच. खुर्च्या तीन. मधलीचा पंप गेलाय, त्यामुळे तिच्यावर उंच गिऱ्हाईक बसलं की अण्णा पाटावर उभे राहून केस कापतात. करी रोड स्टेशनवरून चालत सात-आठ मिनिटं. पाटीवरचं नाव उन्हानं पार विटलंय आणि ते परत रंगवायची कुणाला गरजही वाटलेली नाही, कारण सगळे 'अण्णांचं सलून' असंच म्हणतात. गणपतीचे दहा दिवस दुकान उघडं असतं, पण तेव्हा जाऊ नका. दाढीला रांग नसते, दुकानापर्यंत पोचायलाच रांग असते.

आता मी कोण. मी फ्लेक्सवाला. 'भावी नगरसेवक', 'हार्दिक अभिनंदन', 'दहावी-बारावीचा गुणगौरव' असं जे चौकाचौकात लागतं, त्यातलं लालबाग-परळ-काळाचौकीचं बरंचसं माझ्या कॉम्प्युटरवरून गेलेलं असतं. १९ वर्षं झाली. सगळ्या पक्षांची कामं करतो आणि उधारीही सगळ्याच पक्षांकडे आहे. पुढाऱ्यांची तोंडं मी जितक्या जवळून बघितलीत तितकी त्यांच्या घरच्यांनीही बघितली नसतील. चारशे टक्के झूम करून नाकाखालचा केस न् केस कापायचा असतो. सफाचट माणूस पाच मिनिटांत सुटतो. जाड, काठ धरून ठेवलेली मिशी असेल तर दहा मिनिटं. विरळ, विस्कटलेली दाढी आली की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. फोटोतलं मागचं आभाळ केसांतून डोकावत राहतं आणि भगव्या-निळ्या बॅकग्राउंडवर ठेवलं की हनुवटीला पांढरी झालर लागते. त्यामुळे मी अण्णांकडे जायला लागलो तो दाढीसाठी नाही. एका इच्छुकाची दाढी धड कातरून घ्यायला त्याला घेऊन गेलो होतो. इच्छुक पुढे पक्ष बदलून गेला, मी मात्र अण्णांकडेच राहिलो.

मध्ये दोन महिने मी एका मॉलमधल्या सलूनमध्ये जाऊन आलो, हे कबूल करतो. कॉफी दिली, गरम टॉवेल दिला, ६५० रुपये घेतले आणि डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर ठेवला. अण्णांनी बघितलं, काही बोलले नाहीत. फक्त माझी मान दोन्ही हातांत धरून आरशासमोर सरळ केली आणि कारागिराला म्हणाले, "ये, बघ. फुकट शिकायला मिळतंय."

दाढी कशी करतात ते लिहितो, कारण रिव्ह्यू आहे. ब्लेडचं पाकीट तुमच्यासमोर फोडतात, कागदासकट ब्लेड मधोमध मोडतात, अर्धं वस्तऱ्यात बसवतात. साबण आणि ब्रश, फोमचा डबा नाही. ब्रश गालावर गोल गोल फिरतो तो मोजून दोन मिनिटं, तेवढ्यात त्यांचं अर्धं पुराण सांगून होतं. वस्तरा लावला की गप्प. डाव्या अंगठ्यानं कातडी वर ताणतात. वरच्या ओठाकडे आले की दोन बोटांनी नाकाचा शेंडा हलकेच उचलतात आणि तेव्हा श्वासही जपून घ्यावा असं वाटतं. पहिला हात झाला की "उलटी मारू?" एवढंच विचारतात. मग तुरटी, मग गार पाणी. आफ्टरशेव मागितलं तर देतात, पण तोंड वाकडं करून.

अण्णा मूळचे पन्हाळ्याकडचे. भिंतीवर दोन तसबिरी, एक संत सेना महाराजांची आणि दुसरी शिवा काशीद यांची. नवीन गिऱ्हाईक दुसऱ्या तसबिरीला "शिवाजी महाराज का?" असं विचारतं, आणि अण्णा त्याचीच वाट बघत असतात. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. महाराज विशाळगडाकडे निघाले आणि दुसऱ्या पालखीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद बसला. जातीचा न्हावी. पकडला गेला, ओळख पटली आणि मारला गेला. अण्णा हे सांगताना वस्तरा बाजूला ठेवतात. "दाढी, पेहराव, बसणं, सगळं राजासारखं. शत्रूला तेवढ्या वेळात खरं-खोटं कळलं न्हाई. चेहऱ्याची किंमत काय असती ते आमच्या माणसानं जीव देऊन दाखवलंय." यानंतर ते राजकारणावर येतात.

बाकावर चार पक्षांचे लोक बसतात. २०२५ च्या डिसेंबरात, महापालिकेची निवडणूक लागायच्या सुमारास, वाद पेटला तो असा : देशाला आजवर मिशीवाला पंतप्रधान मिळालाय की नाही? एक जण म्हणाला कितीतरी. पैज लागली. कोणी मोबाइल काढायच्या आत अण्णांनी आरशात बघत एकेक नाव घेतलं. पंडितजींपासून मोदींपर्यंत, इंदिराजी धरून, हंगामी पंतप्रधान गुलझारीलाल नंदांना वगळून १४ जण. चंद्रशेखर यांना दाढी. गुजराल यांना हनुवटीवरची. मनमोहन सिंग आणि मोदी यांना दाढी. बाकीचे पुरुष सफाचट. नुसती मिशी, दाढी नाही, असा एकही नाही. हरलेल्यानं सहा कटिंग चहा मागवले. "दिल्लीला मिशी चालत न्हाई, गल्लीला चालते," हा अण्णांचा निकाल. मद्रासकडे मिशीवरच मुख्यमंत्री होतात, असं कोणीतरी म्हणालं. कामराज झाले, एमजीआर झाले, करुणानिधी झाले, पुढे स्टॅलिन झाले. ते मान्य झालं, पण चहाचे पैसे परत मिळाले नाहीत.

अमेरिकेत तर वरच्या खुर्चीवर मिशीही नाही आणि दाढीही नाही. राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट १९१३ साली पायउतार झाले, त्यांची मिशी ही शेवटची. त्यानंतर थॉमस ड्यूई नावाचा मिशीवाला माणूस १९४४ आणि १९४८ असा दोनदा उभा राहिला आणि दोनदा पडला. हल्ली व्हान्स यांची दाढी उपाध्यक्षपदापर्यंत पोचलीय. हे मला माझ्या भाचीनं सांगितलं. ती राज्यशास्त्रात एम.ए. करते आणि माझी बॅनरं बघून तिला हसू येतं. तिनं सांगितलेलं एक मात्र मी अण्णांना मुद्दाम जाऊन ऐकवलं. १८६० मध्ये लिंकन निवडणुकीला उभे असताना ग्रेस बेडेल नावाच्या ११ वर्षांच्या मुलीनं त्यांना पत्र लिहिलं. तुमचा चेहरा फार बारीक आहे, कल्ले-दाढी वाढवा, बायकांना दाढी आवडते, त्या नवऱ्यांना तुम्हालाच मत द्यायला लावतील. लिंकन यांनी उत्तर दिलं, पुढे दाढी वाढवली आणि १८६१ च्या फेब्रुवारीत शपथविधीला जाताना तिच्या गावच्या स्टेशनवर गाडी थांबवून ती तिला दाखवलीही.

अण्णा ब्रश धुता धुता ऐकत होते. म्हणाले, "निवडणूक कवा झाली?"

"नोव्हेंबरात. १८६० च्या."

"मग प्रचारात दाढी होती का न्हवती?"

नव्हती. प्रचारभर फोटो सगळे सफाचट. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग? जिंकला आणि मग बदलला. हुशार माणूस. पोरगी पण हुशार, पण त्यानं तिचं ऐकलं ते मतं पेटीत पडल्यावर."

अण्णांचं राजकारणाचं सगळं शास्त्र एवढंच आहे आणि मी गेली नऊ वर्षं ते माझ्या धंद्यावर ताडून बघतोय. कुठली दाढी मतं खेचते हे ते सांगत नाहीत. निवडणुकीच्या तोंडावर तोंड बदलू नये, एवढंच सांगतात. आणि नुसतं सांगत नाहीत, बदलूनच देत नाहीत. या सलूनची खासियत हीच. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असतं, पैसे द्यायला तयार असतं, आणि अण्णा "न्हाई" म्हणतात. एकदा चिडून मी म्हटलं, तुमचं काय जातंय? तर १८९० वर गेले. त्या साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांची सभा भरली होती. विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, म्हणजे आमच्या लालबाग-परळचेच म्हणायचे. "शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमची माणसं न्हाई म्हणाली," अण्णा म्हणाले, "मी तुझ्या इच्छुकाला न्हाई म्हणालो तर काय आभाळ कोसळतंय?"

आता भाऊंचं. नाव लिहीत नाही, आमच्याकडचे लोक ओळखतील.

भाऊंची मिशी म्हणजे कौलाची वळचण. वरचा ओठ कधी दिसलाच नाही. गिरणी कामगाराचा मुलगा, मंडळातून वर आलेला, आणि वीस वर्षं तीच मिशी. २०१७ च्या महापालिका निवडणुकीला त्यांना तिकीट मिळालं. मतदान २१ फेब्रुवारीला. मी साठेक बॅनर तयार ठेवले होते, पत्रकं छापून झाली होती, आणि जानेवारी सरता सरता भाऊंचे वडील गेले. बाणगंगेला दहावा झाला. डोकं गेलं, मिशी गेली. मतदानाला तीन आठवडेही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाऊ ऑफिसात आले तेव्हा मी त्यांना "बसा, कोणाचं काम आहे?" असं विचारलं. खोटं नाही सांगत. पांढरी टोपी कपाळावर ओढलेली आणि खाली एक गुळगुळीत, शाळेतल्या मुलासारखा चेहरा. आवाजावरून ओळखलं.

प्रचाराला लागणं भाग होतं. टोपी घालून पदयात्रा सुरू झाली. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक आजी ताट घेऊन ओवाळायला बाहेर आल्या. त्यांनी भाऊंना हातानं बाजूला केलं आणि मागून येणाऱ्या त्यांच्या चुलत भावाला ओवाळलं. चुलत भावाला मिशी होती. भाऊंनी वाकून नमस्कार केला तर आजी म्हणाल्या, "राहू दे बाळा, आधी भाऊला भेटू दे." सगळे हसले. भाऊ हसले नाहीत.

त्या रात्री तीन उपाय निघाले. पहिला माझा. जुन्या फोटोतली मिशी कापून नव्या फोटोवर बसवायची. बसवली, पण खालचा चेहरा आठवडाभरात उतरलेला आणि मिशी निवडणुकीच्या आधीची, ताजीतवानी. ती उसनी आणल्यासारखी दिसायला लागली. ती फाईल अजून आहे माझ्याकडे, 'भाऊ_मिशी_फायनल_२'. दुसरा उपाय एका कार्यकर्त्याचा. नाटकवाल्यांकडून मिशी आणायची, गोंदानं चिकटवायची. तिसरा उपाय सुचायच्या आत भाऊ अण्णांकडे गेले. मीही होतो बरोबर.

नाटकातली मिशी म्हटल्यावर अण्णांनी खुर्ची गर्रकन फिरवली. "बाप गेलाय तुझा. आणि तू सोंगाची मिशी लावणार?" मग बराच वेळ भाऊंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. वरच्या ओठावरून अंगठा फिरवला, खुंट किती आलेत ते बघितलं. तीन आठवड्यांत येईल पण अर्धीच येईल, अर्धी मिशी काही नसण्यापेक्षा वाईट, असं म्हणाले. शेवटी हात वर केला आणि भाऊंची टोपी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही घालायची न्हाई. डोकं दिसू दे."

एवढंच. मला समजायला मिनिटभर लागलं. टोपीखाली मुंडण झाकलेलं होतं, म्हणून बिनमिशीचा भाऊ हा कोणी तिऱ्हाईत वाटत होता. टोपी गेली की भादरलेलं डोकं आणि सफाचट ओठ दोन्ही एकदम दिसतात, आणि मग आपल्याकडच्या माणसाला काही सांगावं लागत नाही. घरात कोण गेलं एवढंच तो विचारतो. दुसऱ्या दिवसापासून भाऊ उघड्या डोक्यानं फिरले. बॅनर जुनेच राहिले, मिशीसकट. त्याच आजींनी परत ताट आणलं. या वेळी त्या आधी रडल्या आणि मग ओवाळलं.

भाऊ थोडक्या मतांनी निवडून आले. भाऊ म्हणतात कामामुळे, विरोधक म्हणतात सहानुभूतीमुळे. अण्णांना विचारलं तर म्हणतात, "टोपीमुळं."

दाढीच्या फॅशनीचं मात्र अण्णांचं काही चालत नाही, तो विभाग कारागिराचा. कारागीर आझमगढचा, वय पंचविशीचं, हात झकास. मशीननं फेड, म्हणजे कडेला बारीक होत जाणारे केस, इतके स्वच्छ उतरवतो की फोटो कापताना माझा वेळ वाचतो. २०१९ च्या मार्चमध्ये महिनाभर त्यानं फक्त विंग कमांडर अभिनंदन यांची मिशी कोरली. २०२२ च्या जूनअखेर एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि दाढी मंत्रालयात पोचली. ठाण्याकडच्या गिऱ्हाइकांना त्याचं अप्रूप नव्हतं, आनंद दिघे यांची दाढी त्यांनी बघितलेली. इकडे मात्र पोरं फोटो घेऊन यायला लागली. पुढे त्या दाढीवरून टोमणे झाले, आणि २०२४ च्या दसरा मेळाव्यात शिंदे यांनी दाढीचं आघाडीशी यमक जुळवून परतफेडही केली. कारागीर सांगतो, "शिंदेसाहेब मांगतात, विराट पण मांगतात. दोघांत दोन मिलिमीटरचा फरक हाय. मी दोघांना एकच देतो."

पुढारी वाढवतो आणि कार्यकर्ता त्याची नक्कल करतो, त्यात दोघांचीही दाढी वाया जाते असं माझं मत आहे. बॅनरच्या तळाला ती गोल गोल चेहऱ्यांची जत्रा असते ना, तीस-तीस जणांची, तिथे सगळ्यांना एकच दाढी असली की आईलासुद्धा आपला मुलगा सापडत नाही. त्या रांगेत हल्ली उठून दिसतो तो सफाचट माणूस.

हे मला फोर्टात कळलं. शाई आणायला तिकडे जातो तेव्हा दादाभाई नौरोजींच्या पुतळ्यावरून जावं लागतं. खुर्चीत बसलेले दादाभाई, आणि ती दाढी. १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून ते पार्लमेंटात गेले, अवघ्या ५ मतांनी. त्याआधी पंतप्रधान सॉल्सबरी यांनी 'काळा माणूस' म्हणून त्यांची हेटाळणी केली होती. आता सॉल्सबरींचा फोटो बघा. त्यांची दाढी दादाभाईंच्या दाढीला भारी पडेल अशी. त्या काळात दोघांनाही दाढी, म्हणजे दाढीचा हिशोब बरोबरीतच सुटला. मग गेल्या शतकाच्या सुरुवातीला जिलेटचा सुरक्षित वस्तरा आला, घरच्या घरी रोज दाढी करणं सोपं झालं, पुरुष सफाचट झाले, आणि तेव्हापासून दाढी 'दिसायला' लागली. न्हाव्याचा धंदाही तेव्हाच पातळ झाला, हे अण्णांचं वेगळं दुःख.

भाचीनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. २००५ मध्ये प्रिन्स्टनच्या टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी उमेदवारांचे फोटो क्षणभर दाखवले आणि यातला कर्तबगार कोण वाटतो एवढंच विचारलं. अमेरिकी सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींत तोच निवडून आलेला होता. दुसरी २०१५ ची, ओक्लाहोमातल्या प्राध्यापकांची. दाढी-मिशीवाला उमेदवार लोकांना जास्त मर्दानी वाटतो, पण बायकांच्या प्रश्नांवर तो आपल्या बाजूनं नसेल असंही वाटतं. प्रत्यक्षात सभागृहात दाढीवाले आणि बिनदाढीवाले यांच्या मतदानात तसा फरक सापडला नाही. म्हणजे १८६० मध्ये पोरीनं लिहिलं बायकांना दाढी आवडते, आणि दीडशे वर्षांनी निघालं उलटंच. आमच्या घरी विचारलं तर हिनं भाजी निवडता निवडता सांगितलं, "दाढी असो नाहीतर नसो, नळाला पाणी कधी येतं ते त्याला माहीत आहे का?"

दाढी वाढवण्यापेक्षा ती किती दिवसांत वाढली हे लोक बघतात, असं मला वाटतं. मोदींची दाढी २०२० च्या टाळेबंदीत वाढत गेली, २०२१ च्या बंगाल निवडणुकीपर्यंत छातीकडे आली, टागोरांशी तुलना झाली. बंगाल ममता बॅनर्जींकडेच राहिला, दाढी नंतर परत आखूड झाली. राहुल गांधी ७ सप्टेंबर २०२२ ला कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले तेव्हा खुंट होते. नोव्हेंबरात देगलूरला महाराष्ट्रात शिरले तेव्हा चांगली भरलेली दाढी होती. हिमंत बिस्व सरमा यांनी तिची सद्दामशी तुलना केली. श्रीनगरला पोचेपर्यंत ती गळ्याखाली उतरली आणि पुढे केंब्रिजला भाषणाला गेले तेव्हा कातरलेली. अण्णा म्हणाले, "ती दाढी न्हवती, किलोमीटरचा काटा होता. गाडी थांबली, काटा शून्यावर आणला." वापरून घ्यावं असं वाक्य आहे, पण बॅनरवर कुठे बसवणार?

आता कलप. एक स्टार मी त्यासाठीच कापलाय. अण्णांकडे एकच रंग, काळाकुळकुळीत. बासष्ट वर्षांच्या एका इच्छुकाची दाढी त्यांनी रंगवून दिली, बहुतेक 'न्हाई' म्हणायचं विसरले. फ्लॅश पडला की ती निळी दिसायची, मोरपंखी म्हणा. आठ-दहा दिवसांत मुळाशी पांढरी रेघ आली. लांबून बघितलं तर हनुवटी चेहऱ्यापासून सुटून तरंगतेय असं वाटायचं. मी ती फोटोत राखाडी करून दिली तर उमेदवार माझ्यावरच रागावले, "म्हातारा दाखवतोस?" कलप करायचाच असेल तर गडद तपकिरी मागा, तेही बाहेरून आणून द्या. आणि श्रावणात फोटो काढू नका. महिनाभर कोणी वस्तरा लावत नाही, सगळे पुढारी आजारातून उठल्यासारखे दिसतात.

२०२६ च्या जानेवारीत १५ तारखेला महापालिकेचं मतदान झालं. २२७ पैकी ११४ जागा महिलांना राखीव, म्हणजे निम्म्याहून जास्त ठिकाणी मिशीचा प्रश्नच नाही, असं वाटेल. पण बॅनरवर ताईंचा फोटो असतो आणि बाजूला ताईंच्या मिस्टरांची मिशी, जरा मोठ्या साइझमध्ये. ताईंचा फोटो वाढवा, मिशी कमी करा, असं मी सांगून बघतो. ऐकतात ते थोडेच. भाऊंनी ओळखीतल्या एका वहिनींना पाठिंबा दिला आणि स्वतःचा नवीन फोटो पाठवला. नऊ वर्षांत मिशी बरीच पिकलीय, मध्ये फट पडलीय. मला फोन, "जरा बघ ना काही होतं का." जुनी फाईल उघडली. 'फायनल_२' या वेळी चपखल बसली. सांगायला अण्णांकडे गेलो तर त्यांनी मोबाइल हातात घेऊन बघितला, चष्मा वर करून परत बघितला आणि दिला परत.

"पांढरी हाय ती पांढरी ठेव. त्यानं ती माझ्याकडंच पिकवलीय."

बदलून दिली. पैसे मात्र दोन्ही डिझाइनचे घेतले.

माझी पसंती पाचपैकी चार. गर्दी रविवारी सकाळी. मंगळवारी दुपारी गेलात तर थेट खुर्ची. सुट्टे न्या. क्यूआर कोड आहे पण तो भाच्याच्या खात्यावर जातो आणि अण्णांना ते आवडत नाही. मिशी उतरवायची असेल तर आधी फोन करून अण्णा कधी जेवायला जातात ते विचारा आणि कारागिराच्या खुर्चीत बसा. अण्णा दुकानात असतील तर दाढी होईल, मिशी तशीच घेऊन घरी याल.